बांगड्यांनाच विचारा

एकोणतिसाव्या रोज्याची उन्हं सुपारीच्या शेंड्यांवर जाऊन बसली, तरी फोन वाजला नव्हता.

जोहुरा ओसरीत विळीवर कांदे चिरत होती. कांद्याचं एक बरं असतं, डोळ्यांतलं पाणी कुणाला झाडा देत नाही. खिडकीतल्या स्टुलावर, कशिद्याच्या रुमालाखाली, तो काळा फोन निजला होता. त्याची तार भिंत चढून बाहेर बांबूच्या टोकाला गेली होती. ते टोक मेघना नदीच्या धुक्यात कुणाची तरी वाट बघितल्यासारखं उभं होतं.

कुवेतात आज ईद. तिकडे चंद्रसुद्धा एक दिवस आधी उगवतो. बकरी ईदेला तर तिच्या नवऱ्यानं नमाजेची चादर घडी करायच्या आधी फोन लावला होता. आज दुपार गेली, असरची बांग झाली, आणि स्टूल मुकंच.

का मुकं, ते एकटी जोहुरा जाणत होती.

मागच्या शुक्रवारी ती तापानं फणफणली होती. कपाळावर ओली पट्टी घेऊन फोनपाशी आली, आणि त्यानं पहिलं विचारलं ते हे : "धाकट्या बौच्या बांगड्या कुठं गेल्या? आज वाजल्या नाहीत."

ताप नाही, लेक रानू नाही, आम्मा नाही. बांगड्या.

"बांगड्यांनाच विचारा," जोहुरा म्हणाली, आणि तिनं लाल बटण दाबलं. घरात सांगितलं, लाईन तुटली.

आमच्या चरावर, म्हणजे नदीतल्या या गाळाच्या बेटावर, धाकट्या भावाची बायको भासऱ्यांच्या, थोरल्या दिराच्या, पायवाटेत आली, तर बांधावरून उतरून शेतात उभी राहते. बोलायची तर गोष्टच नको. पण फोन होता मालेकाचा, धाकट्या बौचा म्हणजे धाकट्या सुनेचा, आणि वाजला की तो तिनंच उचलायचा. तेव्हा तिनं एक युक्ती काढली. फोन भासऱ्यांचा असला की तोंड मिटून मनगट दोनदा हलवायचं. खळ् खळ्. पलीकडं चांद मियानं ओळखावं : घर लागलं, आता धाकटी थोरलीला हाक मारायला गेली. घाटावरच्या बायका म्हणाल्या होत्या, पाहा गं, अदब कशी राखली! मर्यादेलाही सूर असतो आणि तो कानात राहतो, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

फोनच्या आधी टेप होती. कुवेतहून परतणाऱ्या कुणाच्या तरी पिशवीतून चांद मियाचा आवाज यायचा, आणि तो जोहुराच्या पेटीत कुलुपात राहायचा. आधी ती रजईत डोकं घालून एकटी ऐके, मग घराला ऐकवे, नको तिथं बोट ठेवून पुढं पळवे. किल्ली तिच्या पदराला असायची. मग बचतीच्या समितीतल्या बायकांनी मंगळवारच्या बैठकीत चटईवर बसून ठरवलं, चराला फोन हवा, आणि तो मालेका चालवील. चार महिन्यांत नावाडी विचारू लागले, "कुठं उतरायचं? फोनबौच्या घाटाला ना?" त्या घाटाला आधी जोहुराच्या नवऱ्याचं नाव होतं.

"भाबी, मोठ्या भाईचा फोन नाही आला?" नणंद पारुल ईदेला माहेरी आली होती. तिनं सुपातले चुरमुरे पाखडता पाखडता विचारलं.

"रांग असेल तिकडं."

"रांग दर ईदेला असते. रुसलाय की काय?"

"रुसायला तो काय जावई आहे?"

"तसं नाही. मी आपली म्हटलं, गेल्या वेळी माझ्या नायलॉनच्या साडीचं विचारायचं राहिलं."

तेवढ्यात मालेका अंगणातून आली. मागं शेजारची बुढी होती, हातात नंबराचा चिटोरा. "बुबु, जरा सरका ना. हिच्या लेकाला दम्मामला लावून देते. तिकडं ईद आहे, आता अर्धं गाव येईल."

"आज फोनला हात लावायचा नाही."

"काय?"

"लाईन मोकळी राहू दे. माझ्या घरचा फोन यायचाय."

"बुबु, पण तो समितीचा—"

"समितीचा, समितीचा! समितीनं नवरासुद्धा वाटून दिला का गं?"

बुढीनं चिटोरा चोळीत कोंबला, आणि भांडण नीट ऐकू यावं म्हणून खांबाला टेकून बसली.

*

मालेकाला वाटलं, बुबुचा, म्हणजे थोरल्या जावेचा, ताप डोक्यात गेला. पण जोहुरा उठली होती, हातात अजून कांदा, आणि थेट आम्माच्या खाटेसमोर उभी राहिली होती.

"आम्मा, न्याय करा. फोन माझ्या पेटीत राहील. थोरली मी आहे."

आम्मानं तसबीहचा मणी थांबवला. "काय झालं ते आधी सांग."

"मागच्या शुक्रवारी तुमच्या लेकानं मला काय विचारलं? ताप उतरला का? नाही. 'धाकट्या बौच्या बांगड्या कुठं गेल्या? आज वाजल्या नाहीत.' बायको मी, आणि ओळख हिच्या काकणांची!"

पारुलचं सूप थांबलं. "मोठ्या भाईनं? असं विचारलं? भाबी, मग तर फोन तुझ्याकडंच हवा. हे काही बरं दिसत नाही."

"मी काय केलं?" मालेका म्हणाली. "तोंडातून शब्द नको म्हणून तर मी—"

"शब्द परवडला असता! शब्दाला विसरता येतं."

मालेकानं पदर कपाळावर ओढून घेतला. कारण खरं तर, तिच्या मनाच्या तळाशी एक खडीसाखरेचा खडा होता, आणि तो तिनं कुणाला दाखवला नव्हता. चौथीत नापास झालेली, नदीनं गिळलेल्या गावची पोर ती. तिच्या असण्याचा आवाज समुद्रापलीकडं कुणी ऐकत होतं, तो नसला तर विचारत होतं. भासऱ्यांची अभिलाषा नव्हती तिला, तोबा तोबा. तिला हेवा वाटे तो जोहुराचा. ताप आला की थोरलीला कुवेतातून विचारणा होते असं ती धरून चालली होती. तिला स्वतःला तर घरातल्या घरातही कुणी विचारत नव्हतं.

अंगणात धप्पकन आवाज झाला. मालेकाच्या नवऱ्यानं, इद्रिसनं, खांद्यावरची बॅटरी उतरवली. चरावर वीज नाही. फोनचं पोट भरायला दर तीन दिवसांनी तो बॅटरी नावेतून बाजारात नेई.

"घ्या," तो म्हणाला, "फोनबौचा हमाल आला. काय चाललंय?"

मग खांबाला टेकलेल्या बुढीनंच सांगितलं, "तुझा मोठा भाई तुझ्या बायकोच्या बांगड्या विचारतो म्हणे."

*

इद्रिस हसला. मग त्याला कळलं की कुणीच हसत नाही.

डोक्यावरचं टिनाचं छप्पर भाईचं. नावेतलं मशीन भाईचं. अंगातला स्वेटरसुद्धा भाईनं दिला होता, छातीवर कुठल्याशा कंपनीचं नाव असलेला. लहानपणी भाईच्या जुन्या लुंग्या नेसून तो वाढला, आणि त्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं, असं तो म्हणायचा. आज वाटलं. त्यानं बायकोच्या हातांकडं पाहिलं. मनगटं ओकी होती.

"बांगड्या कुठं गेल्या?" तो म्हणाला. भाईचेच शब्द आपण बोललो, हे त्याच्या लक्षात आलं नाही. मालेकाच्या आलं.

"चापाकलाचा दांडा हापसताना फुटल्या. आठवडा होऊन गेला," ती म्हणाली. "एकाच ताटात जेवतो आपण. तुम्ही आज विचारता."

पारुलनं दातांत जीभ धरली.

"देऊन टाक तो फोन," इद्रिस ओरडला. "भाबीला दे. नको मला असली कमाई. घाटावर पोरं विचारतात, फोनबौचा नवरा, आज कुणाशी बोलली तुझी बायको?"

"मग सांगा ना, कुणाकुणाशी बोलले ते. बुढीचा लेक जिवंत आहे हे त्या फोननं सांगितलं. तुमच्या बहिणीला कळा लागल्या तेव्हा डॉक्टरीणबाई त्याच फोननं आली."

"हो, ते खरं," पारुल म्हणाली. तिचं सूप पुन्हा हलू लागलं, पण आता दुसऱ्या दिशेनं. "आणि भाबी, रागावू नकोस, पण फोन तुझ्या पेटीत गेला तर माझा फोन घेणार कोण? टेपच्या वेळी आम्हाला तू वाडग्यातलं चाखायला दिल्यासारखा भाईचा आवाज दिलास."

"आलीस का तिच्या बाजूला? साडी मिळाली नाही म्हणून!"

"मी कुणाच्याच बाजूची नाही. मी माहेरवाशीण."

"समितीत," मालेका एकदम म्हणाली, "आम्ही एका चटईवर बसतो. तिथं थोरली नाही, धाकटी नाही. एकेकीनं उठायचं आणि आपलं नाव मोठ्यानं सांगायचं. पहिल्या मंगळवारी निम्म्या बायका रडल्या. बुबु, तुम्हालाही बोलावलं होतं. तुम्ही म्हणालात, मी काय भिकारी आहे?"

जोहुरानं हातातला कांदा मुठीत आवळला. ती पाचवी पास होती. आकडे तिला मालेकाच्या आधीपासून वाचता येत होते. तेव्हा चटईवर बसली असती, तर आज रुमालाखालचा तो फोन तिचाच असता. ही ठसठस बांगड्यांच्या ठसठशीपेक्षा जुनी होती.

*

आम्मानं सगळ्यांचं ऐकून घेतलं. तिचं नाव सबुरन, पण ते मतदानाच्या दिवशीच कुणीतरी पुकारत असे. तिचे धनी बोटीवर खलाशी होते. वर्षाला एक पोस्टकार्ड येई, ते मौलवीसाहेब अंगणभर वाचून दाखवत. 'बाकी सर्व ठीक' एवढं तिच्या वाट्याचं. धन्यांचं नाव शुकुर, म्हणून तिनं जन्मभर शुक्रवारला 'नमाजेचा वार' म्हटलं, आणि ते गेल्यावरही वार बदलला नाही. धन्यांचा आवाज आठवायला तिला डोळे मिटावे लागत. या पोरींना नुसता कान पुढं करावा लागतो. आणि तरी भांडतात! म्हातारपणी सुनांचा हेवा करू नये म्हणतात. पण तिला वाटे खरा.

ढेकीवर भात कांडताना तिची सासू म्हणायची :

*नाव तुझं ओठांपाशी, जशी पाण्यात मासोळी,*
*वर येईना, खाली जाईना, जन्म सरला त्याच वेळी.*

"थोरले बौ," आम्मा म्हणाली, "घे फोन. चांद दिसेपर्यंत तू चालव. चालवता आला, तर तुझ्या पेटीत. नाही आला, तर ईदेच्या दिवशी या घरात बांगडीचा ब निघायचा नाही."

"चालवता न यायला काय झालं? आकडे येतात मला."

"आकड्यांचं मी काही म्हटलं नाही," आम्मा म्हणाली.

*

बांग झाली. पाणी, खजूर, चुरमुरे, गरम भजी. रोजा सुटला. पुरुष मशिदीकडं आणि तिथून बांधावर चंद्र बघायला गेले. पारुल रानूला आणि पोराटोरांना घेऊन अंगणात मान वर करून उभी राहिली. धुकं इतकं, की सुपारीची झाडंच अर्धी दिसत होती. आत आम्मा नमाजेला बसली. खोलीत उरल्या दोघी जावा, आणि स्टुलावर तो.

आता जोहुराकडं फोन होता, आणि वाजत मात्र नव्हता. चंद्र दिसला की मुदत संपली. नवरा आपणहून फोन लावणार नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तिनं रुमाल बाजूला केला. नंबर तिला पाठ होता. तो राहत होता त्या इमारतीखालच्या दुकानाचा. घंटी गेली. एक पुरुष खेकसला, "हॅलो! कोण पाहिजे?"

आजवर फोन नेहमी तिकडून आला होता. हा प्रश्न जोहुराला कुणी कधी विचारलाच नव्हता.

"रानूचे अब्बा," ती म्हणाली.

"इथं रानूचे अब्बा, मिनूचे अब्बा, सगळे अब्बाच आहेत, बहीण. नाव सांगा."

"ते... मेघनेकडचे. उंच आहेत. भुवईवर खूण आहे."

"आता मी भुवया तपासत हिंडू? नाव, बहीण, नाव! मागं रांग आहे."

पंधरा वर्षं ती चंद्राला 'रातीचा दिवा' म्हणत आली होती. चांदण्याला 'दुधाळ उजेड'. रानूला अंगाईसुद्धा तिनं ते शब्द गाळून म्हटली होती.

"आभाळात असतो ना," ती घाम पुसत म्हणाली, "रातीचा दिवा, तो."

"दिवा? वीज गेली का तुमच्याकडं?"

तिनं हातानं फोन झाकला. "धाकटे, तू सांग."

"मी?" मालेका मागं सरली. "माझे भासरे ते. जीभ झडेल माझी."

"समितीत घेतेस ना नावं!"

"स्वतःचं घेते, बुबु."

दोघींनी आम्माकडं पाहिलं. लेकाचं नाव आईनं घ्यायला कुणाची ना नव्हती. आम्माची नमाज केव्हाच पुरी झाली होती. तिनं तिरप्या डोळ्यानं सुनांना पाहिलं, आणि आणखी दोन रकातींना हात बांधले.

"हॅलो! ठेवू का?"

"घ्या, बुबु," मालेका कुजबुजली. "मी कान झाकते." आणि तिनं खरंच आपले ओके हात कानांवर घट्ट दाबले.

"चांद," जोहुरा म्हणाली.

"काय? मोठ्यानं!"

"चांद! चांद मिया! चांद!"

अंगणात सगळ्या माना खिडकीकडं वळल्या. मग पोरं फुटली. "चांद! चांद दिसला! भाबीला दिसला!" कुणी टिनावर काठी बडवली. बुढीनं दुवेला हात पसरले. बांधावरून पुरुषांच्या हाळ्या आल्या, "कुठं? कुणीकडं? आम्हाला का दिसत नाही?"

जोहुराला काही ऐकू आलं नाही. तिकडं जिन्यावर चपला वाजत होत्या. मग धापा टाकणारा तो आवाज आला : "आम्मा? आम्मा, तू आहेस का?" त्याचं नाव घेणारी बाई जगात एकच होती.

जोहुरानं फोन कानाशी घट्ट धरला. तोंडातून 'मी' निघायच्या आधीच तिनं नकळत मनगट हलवलं. खळ् खळ्.

"धाकटी बौ!" तो जवळजवळ ओरडला. आपल्या बांगड्या आणि नाव दुसरीचं. जोहुराचे डोळे भरून आले. पण तो थांबला नव्हता. "वाजल्या! वाजल्या ना! मग इद्रिस बरा आहे? अल्ला, इद्रिस बरा आहे ना?"

"मी आहे," जोहुरा म्हणाली. "इद्रिसला काय धाड भरलीय?"

"रानूची मा? अगं, शुक्रवारी बांगड्या वाजल्या नाहीत. तो मशीन घेऊन नदीत हिंडतो, वर हे धुकं. मला वाटलं, धाकट्या बौचे हात ओके झाले. सरळ कसं विचारू, भाऊ जिवंत आहे का म्हणून? तर तू म्हणालीस बांगड्यांनाच विचारा, आणि ठेवलास. त्याचा अर्थ मी काय घ्यायचा? आठवडाभर फोन लावायचा धीर झाला नाही. आज ईद, शेवया तशाच पडल्यात."

त्याचा आवाज फोनबाहेर सांडत होता. दारात इद्रिस उभा होता, चंद्र कुठं दिसला ते विचारायला धावत आलेला. स्वेटरला धुक्याचे थेंब चिकटले होते. त्यानं पुढं होऊन भाबीच्या हातातून फोन घेतला.

"भाई," तो म्हणाला, "मी बोलतोय." त्यानं स्वेटरची बाही नाकावरून फिरवली. "शेवया खा," एवढं म्हणून त्यानं फोन परत दिला, आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

"रानूची मा," पलीकडून आवाज हळू झाला, "माझं नाव कुणी घेतलं? दुकानदार म्हणाला, बाईमाणूस ओरडतंय."

"मी."

तिकडं रांगेतलं कुणी ओरडलं, त्याला त्यानं दटावलं.

"पुन्हा घे बरं."

"रोज्याचं पुण्य एकदाच बुडवलं तेवढं पुरे," जोहुरा म्हणाली. "तुम्ही आधी विचारा, ताप उतरला का."

"तुला ताप होता?"

"होता," ती म्हणाली, आणि मग पुष्कळ वेळ सांगत राहिली, किती होता ते.

*

आम्मानं चटई गुंडाळली तेव्हा धुक्यात कुठंतरी मशिदीचा भोंगा घशाशी आल्यासारखा खाकरला, आणि सांगू लागला की चंद्र दिसल्याची खबर शहराहून आली आहे, उद्या ईद.

"भाबीनं तर केव्हाच सांगितलं," पोरं नाचत म्हणाली.

जोहुरानं फोन रुमालानं पुसला, आणि मालेकापुढं धरला. "घे. एक नाव घेताना एवढी दमले. गावभराची नावं मला नाही झेपायची. पण त्यांचा फोन आला की खूण मी वाजवणार. तू नुसती हाक मार."

"आणि भासऱ्यांनी आजच्यासारख्या माझ्याच समजल्या तर?" मालेका म्हणाली. बोलून गेल्यावर तिनं ओठ चावला.

जोहुरानं तिच्याकडं सावकाश पाहिलं. "समजतील," ती म्हणाली. "शिकतील हळूहळू."

इद्रिस अजून भिंतीकडंच बघत होता. "उद्या सकाळी बाजार असतो," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "धाकटे... काकणं आणतो तुला. कुठल्या रंगाची?"

मालेकाचा चेहरा उजळला. ती तोंड उघडणार, तोच जोहुरा विळी उभी करता करता म्हणाली,

"रंग हवा तो आण. पण प्लास्टिकची आण, दिरजी. नवी निघालीत. वाजत नाहीत."